डायल लावावा कसा आणि वाचावा कसा

नदीवरून पाणी उचलणारा आमच्या गावचा पंप एका फाल्गुनात दोनदा बंद पडला. पहिल्यांदा मोटरीचे बेअरिंग जळाले. शहरातून मिस्त्री आला. त्याने नवे बेअरिंग घातले, काम चोख झाले म्हणून सांगितले, पैसे घेतले आणि गेला. आठ दिवस पंप चालला. नवव्या दिवशी कपलिंगखाली रबराचा काळा भुगा पडलेला दिसला. बेअरिंगवर हात ठेवला तर चटका बसला. पंप पुन्हा बंद.

शेतात उन्हाळी कांदा पोसायला लागला होता. कांदा पोसायच्या वेळी पाण्याची पाळी चुकली म्हणजे काय होते, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको. दोन्ही वेळची मिळून अकरा दिवस पाटाला पाणी नव्हते. आम्ही त्या योजनेच्या पंचमंडळात होतो. लोकांनी शिव्या दिल्या. त्या आम्हांला लागू होत्या. का लागू होत्या, ते पुढे येईलच.

मिस्त्रीजवळ हत्यार चांगले होते. हत्यार त्याने लावलेही बरोबर. चूक झाली ती वाचताना. त्या हत्याराचे नाव डायल. डायल गेज किंवा डायल इंडिकेटर असेही म्हणतात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे लेथवर, फिटिंगला, पंपावर, साखर कारखान्यात कामाला आहेत. वडीलधारी माणसेही हेल्पर म्हणून जातात. त्यांना हे हत्यार रोज दिसते. पण हात लावू देत नाहीत, कारण ते नाजूक आहे आणि वाचायला आकडे लागतात. आता तुम्हांला आकडे येतात. तेव्हा हे हत्यार समजून घेऊ.

आम्ही स्वतः जन्मात कधी लेथला हात लावलेला नाही. पण या पंपाच्या भानगडीनंतर आम्ही एका म्हाताऱ्या टर्नरकडे चार संध्याकाळी जाऊन बसलो. त्याने शिकवले तेच इथे सांगतो.

डायल दिसायला खिशातल्या घड्याळासारखा. गोल तबकडी, वर काच, आत एक मोठा काटा आणि एक बारका काटा. घड्याळाला खालून शेपटी फुटावी तशी एक पोलादी दांडी बाहेर आलेली असते. दांडीच्या टोकाला गुळगुळीत गोळी असते. दांडी बोटाने वर दाबली की मोठा काटा फिरतो. सोडली की काटा परत येतो. बस, एवढेच त्याचे काम. दांडी किती सरकली, ते काटा सांगतो.

आत काय आहे? दांडीच्या एका अंगाला करवतीसारखे दात असतात. ते दात एका छोट्या चक्रात अडकलेले असतात. दांडी सरळ सरकते, चक्र गोल फिरते. त्या चक्राला दुसरे चक्र, दुसऱ्याला तिसरे, असे करत करत दांडीची केसाएवढी हालचाल काट्यापर्यंत येताना शंभरपटीने मोठी होते. चक्रांच्या दातांत जरा ढिलेपणा राहतोच. तो काट्यात दिसू नये म्हणून केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग चक्रांना नेहमी एकाच बाजूला दाबून धरते. हे सारे घड्याळजीचे काम आहे. आणि खरोखरच, १८८३ साली जॉन लोगन नावाच्या माणसाने अशा मापनयंत्राच्या हक्कासाठी अर्ज केला, तो अमेरिकेतल्या वॉल्थम गावचा. ते गाव घड्याळांच्या कारखान्यासाठीच नावाजलेले होते. आता आपल्याकडे पुण्यातही डायल बनतात. जपानचे मिटुटोयो कंपनीचे डायलही वर्कशॉपात पुष्कळ दिसतात.

आता माप. आपला सुतार इंच आणि सूत मोजतो. इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. शाळेच्या फूटपट्टीवर सगळ्यांत बारीक रेघा असतात, त्यांतले एक घर म्हणजे एक मिलिमीटर. आता मनाशी धरा की, त्या एका घराचे शंभर तुकडे केले. त्यातला एक तुकडा म्हणजे डायलचे एक घर. नेहमीच्या डायलच्या तबकडीवर अशी शंभर घरे असतात. मोठा काटा एक पूर्ण फेरा फिरला की दांडी एक मिलिमीटर सरकली. कारखान्यात एका घराला ‘दहा मायक्रॉन’ म्हणतात. नाव मोठे आहे, पण वस्तू हीच.

अंदाज यावा म्हणून सांगतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारण पाच ते दहा घरे जाड असतो. वहीचा कागद सुमारे दहा घरे. सुताराच्या एका सुतात डायलची तीनशे सतरा घरे बसतात. म्हणून दरवाजा बसवताना सुतावर भागते. पण मिनिटाला दीड हजार फेरे घेणाऱ्या मोटरीला सुताचा हिशेब चालत नाही.

बारका काटा कशासाठी? मोठ्या काट्याने किती फेरे घेतले, ते तो मोजतो. घड्याळात मिनिटकाटा एक फेरा फिरला की तासकाटा एक आकडा पुढे जातो, तसेच इथेही. मोठ्याचा एक फेरा, बारक्याचे एक घर. हा बारका काटा नीट ध्यानात ठेवा. पुष्कळजण त्याच्याकडे बघतच नाहीत. आम्हीही बघितले नव्हते.

तबकडीची बाहेरची कड हाताने फिरते. ती फिरवली की सगळे आकडे फिरतात आणि काटा जिथे असेल तिथे आपल्याला शून्य आणता येते. मग बाजूचा छोटा स्क्रू आवळून तबकडी पक्की करायची. मोजणी सुरू व्हायच्या आधी काटा शून्यावर आणणे म्हणजे वाण्याने तराजू समतोल करून घेण्यासारखे आहे.

आता डायल लावायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे वीज. मशीन किंवा मोटर बंद आहे, मेन स्विच पाडले आहे, फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवला आहे, एवढे झाल्याशिवाय कपलिंगला हात लावू नये. फ्यूज खिशातच ठेवावा. पेटीवर ठेवला तर कोणीतरी शहाणा येऊन बसवतो. चालत्या शाफ्टला डायल कधीच टेकवायचा नाही. मोजताना शाफ्ट हाताने, सावकाश फिरवायचा.

डायल एका स्टँडवर बसवतात. स्टँडच्या बुडात चुंबक असते. खटका फिरवला की ते लोखंडाला घट्ट चिकटते, उलटा फिरवला की सुटते. चिकटवण्याआधी जागा पुसावी. खाली लोखंडाचा एक कीस राहिला तरी बूड डुलते. बूड डुलले की काटा डुलतो आणि आपल्याला वाटते, शाफ्टच वाकडा आहे. रंगाच्या जाड थरावरही पकड नीट येत नाही. स्टँडच्या दांड्या होतील तेवढ्या आखूड ठेवाव्यात. लांब काठीच्या टोकाला बादली लावली तर काठी लवते, तशी लांब दांडीही लवते. सगळे स्क्रू आवळावे. मात्र ज्या चिमट्यात डायलची मान धरलेली असते, तो फार आवळू नये. मान दाबली गेली तर आतली दांडी अडकते.

दुसरे, दांडी सरळ पाहिजे. ज्या पृष्ठभागाचे मोजायचे त्यावर ती खांब रोवावा तशी उभी यावी. तिरपी लावली तर काटा खोटे बोलतो. ३० अंश तिरपी लावलेली दांडी जिथे १०० घरे दाखवायची तिथे ११५ दाखवते. गोल शाफ्टवर लावताना दांडीचा रोख बरोबर शाफ्टच्या मध्याकडे पाहिजे.

तिसरे, दांडी थोडी दाबून लावायची. नुसती टेकवून भागत नाही. नुसती टेकवली आणि शाफ्ट खाली गेला तर दांडी मध्येच संपते, गोळी अधांतरी राहते आणि काटा गप्प बसतो. म्हणून एक-दोन फेरे आत दाबून मग शून्य करायचे. तेव्हा बारका काटा कोणत्या आकड्यावर आहे, तेही बघून ठेवायचे. तोंडी नको, खडूने लिहून ठेवायचे.

शून्य केल्यावर एक परीक्षा घ्यायची. दांडी बोटाने किंचित वर उचलायची आणि हलकेच सोडायची. तीनदा करायचे. तिन्ही वेळा काटा शून्यावरच परत आला तर पुढे जा. नाही आला तर काहीतरी ढिले आहे, नाहीतर दांडी घाणीने अडकते आहे. आमचा म्हातारा टर्नर ही परीक्षा दर वेळेला घेई. आम्ही बघत असलो तरी आणि नसलो तरी.

सोप्यापासून सुरुवात करू. सायकलचे चाक लहरत असले की दुकानदार काय करतो? चाक फिरवतो आणि कडेजवळ खडू स्थिर धरतो. जिथे चाक बाहेर येते तिथे खडू लागतो. कुठे वाकडे आहे, ते खडूने कळले. पण किती वाकडे आहे, ते खडू सांगत नाही. डायल सांगतो.

एक शाफ्ट घ्या. दोन ठोकळ्यांच्या खाचांत तो आडवा ठेवा. मध्यावर डायल लावा, शून्य करा आणि शाफ्ट हाताने फिरवा. समजा एका जागी काटा पुढे जाऊन १२ वर पोचला आणि दुसऱ्या जागी उलटा येऊन शून्याच्या मागे ८ घरे गेला. तर काट्याची सगळी ये-जा किती? बारा आणि आठ, वीस घरे. याला कामगार ‘रनआऊट’ म्हणतात. पण शाफ्ट वीस घरे वाकलेला नाही. तो वाकला आहे दहा घरे. कसे? फिरताना वाकलेला भाग एकदा वर येतो तेव्हा दहाने वर, आणि अर्धा फेरा झाल्यावर खाली जातो तेव्हा दहाने खाली. काट्याला दोन्ही मिळून वीस दिसतात. म्हणून ध्यानात ठेवायचे, फिरणाऱ्या वस्तूत काटा दुप्पट सांगतो. दुरुस्ती निम्मी करायची.

लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणतात, तिथेही हाच हिशेब. समोरासमोरच्या दोन जबड्यांशी डायल वाचायचा. फरक ३० घरे आला तर जॉब १५ घरे ढकलायचा. नवा पोरगा पुरा ३० ढकलतो. मग तो पलीकडे तितकाच जातो. हा परत अलीकडे ढकलतो. असा दुपारपर्यंत खेळ चालतो, आणि उस्ताद लांबून मजा बघतात.

आता येऊ कपलिंगवर, कारण आमचे दुखणे तिथेच होते.

आपल्या जिल्ह्यात पाणी आणि यंत्र यांची सोबत जुनी आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. खाली ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गाळप हंगाम १९५० साली सुरू झाला. पुढे १९७२ साली नगरच्या कारखान्यात लुना ही छोटी फटफटी बनू लागली. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना अजून पुष्कळांच्या तोंडी नगरच येते, आमच्याही. तर सांगायचे ते हे की, साखर कारखाना असो, फटफटीचा कारखाना असो की नदीकाठचे पंपघर असो, एका शाफ्टची ताकद दुसऱ्या शाफ्टला द्यावी लागते. दोन शाफ्ट तोंडाला तोंड लावून जोडतात, त्या जोडाला कपलिंग म्हणतात.

बैलजोडीचे जू पाहा. एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला तर जू तिरपे होते आणि मान सोलते. कपलिंगचेही तसेच आहे. मोटरीचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत पाहिजे. मोटर थोडी खाली किंवा बाजूला राहिली तर प्रत्येक फेऱ्याला जोड ओढाताण करतो. मिनिटाला दीड हजार वेळा. आधी रबराचे बूश झिजते, मग बेअरिंग तापते, मग जळते. बेअरिंग बदलून उपयोग नाही. मान सोलली म्हणून बैल बदलला आणि जू तिरपेच ठेवले, असे ते होते.

रेषा कशी बघायची? चुंबकाचा स्टँड मोटरीकडच्या कपलिंगवर चिकटवायचा. डायलची गोळी पंपाकडच्या कपलिंगच्या गोल कडेवर टेकवायची. डायल वर असताना शून्य करायचे. मग दोन्ही शाफ्ट एकदम, हाताने, पाव-पाव फेरा फिरवायचे. दोन्ही एकदम का? कपलिंगची कड स्वतःच थोडी ओबडधोबड असू शकते. दोन्ही बरोबर फिरले की गोळी कडेच्या एकाच ठिपक्यावर राहते आणि तिच्या ओबडधोबडपणाने आपण फसत नाही. चार जागी वाचायचे. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. मोटरीच्या मागे उभे राहून पंपाकडे तोंड केले म्हणजे जे उजवे ते उजवे. चारही आकडे लिहायचे.

दांडी आत दाबली गेली की काटा घड्याळाच्या दिशेने पुढे जातो. त्याला अधिक म्हणू. दांडी बाहेर आली की काटा उलटा येतो. त्याला उणे म्हणू. खालचा आकडा उणे आला तर मोटर खाली आहे. अधिक आला तर मोटर वर आहे. किती? निम्मी.

आणि इथेच ती चूक झाली. त्या दिवशी डायल वरून खाली नेला तेव्हा काटा शून्यावरून ४० घरे उलटा आला. तबकडीवर आकडे पुढच्या दिशेने मांडलेले असतात. शून्यापासून ४० घरे उलटे आल्यावर काटा कुठे उभा राहील? ६० वर. मिस्त्री शाफ्ट फिरवत होता. काटा कोणत्या बाजूने गेला, ते त्याने पाहिले नाही. खाली वाकला, काटा ६० वर दिसला. त्याने धरले, साठ घरे अधिक, म्हणजे मोटर तीस घरे उंच आहे. प्रत्यक्षात ती वीस घरे खाली होती. त्याने मोटरीच्या पायांखालचे ३० घरे जाडीचे पत्र्याचे पॅकिंग काढून टाकले. आता मोटर किती खाली गेली? वीस आणि तीस, पन्नास घरे. म्हणजे अर्धा मिलिमीटर.

मग त्याने परत डायल लावला. वर शून्य केले. खाली नेला. पन्नासाची दुप्पट शंभर. काटा शंभर घरे उलटा आला. पण शंभर घरे म्हणजे पुरा एक फेरा! काटा फिरून परत शून्यावर येऊन उभा राहिला. मिस्त्री म्हणाला, “बघा साहेब. वर शून्य, खाली शून्य.” आम्ही पंचमंडळाच्या वतीने चष्मा लावून, गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून खाली पाहिले. खरेच शून्य होते. आम्ही हो म्हणालो आणि त्याच्या कागदावर सही केली. लोकांच्या शिव्या आम्हांला लागू होत्या त्या यासाठी. आधी वीस घरांचा दोष होता, त्याने बेअरिंग जळायला बरेच महिने लागले होते. आता पन्नास घरांचा झाला. आठ दिवसांत बूश संपले.

दुसऱ्या वेळी दुसरा मिस्त्री आला. त्याच्याबरोबर हेल्पर म्हणून जो होता, तो आमच्याच रात्रीच्या वर्गाला येणारा, चाळिशीतला गडी. पाटीवर बेरीज-वजाबाकी करायला लागून त्याला सहा महिनेही झाले नव्हते. मिस्त्रीने जशी होती तशी मोजणी आधी करून पाहायची ठरवली आणि आकडे लिहायला त्याला सांगितले. त्याने पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिले. वर ०. उजवीकडे ५८. खाली ०. डावीकडे ४२.

आम्ही म्हणालो, “खाली शून्यच आहे. दोष दुसरीकडे असेल.”

तो भिंतीकडे बघत राहिला. म्हणाला, “गुर्जी, बारका काटा वर असताना दोनावर व्हता. खाली आला तव्हा एकावर हाये.”

मिस्त्री थांबला. डायल परत वर नेला. दोन. खाली आणला. एक. या खेपेला सगळ्यांनी मोठ्या काट्यावरून नजर हलवली नाही, आणि तो उलटा, पुरा एक फेरा येताना दिसला. मग मिस्त्रीने साधी पोलादी फूटपट्टी घेतली, कपलिंगवर आडवी ठेवली आणि मागून बॅटरी धरली. पंपाच्या अंगाला पट्टी बसली होती. मोटरीच्या अंगाला पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. अर्ध्या मिलिमीटरची फट डोळ्यांना दिसते. पहिल्या दिवशी आम्ही कोणी फूटपट्टी लावली नव्हती. डायल असताना पट्टी कशाला, असे वाटले होते.

आकड्यांतच ही चूक पकडायची एक युक्ती आहे, ती त्या मिस्त्रीने नंतर सांगितली. उजव्या-डाव्या आकड्यांची बेरीज वर-खालच्या बेरजेइतकी आली पाहिजे. नाही आली तर वाचण्यात चूक आहे किंवा स्टँड ढिला आहे. भिंतीवरचे आकडे बघा. उजवीकडे ५८ आणि डावीकडे ४२, बेरीज १००. वर ० आणि खाली ०, बेरीज ०. जुळत नाही. आता खरे आकडे घ्या. काटा उलटा आला होता, म्हणून उजवीकडचे ५८ म्हणजे उणे ४२. डावीकडचे ४२ म्हणजे उणे ५८. दोन्ही मिळून उणे १००. खालचे शून्य म्हणजे उणे १००, वरचे शून्य खरेच शून्य. बेरीज उणे १००. जुळले.

तुम्ही पाटीवर पहिल्या दिवशीचे आकडेही करून पाहा. तेव्हा कोणी लिहिले नव्हते, पण मोटर बाजूला तेवढीच होती असे धरले तर हिशेबाने उजवीकडे काटा ८८ वर, खाली ६० वर आणि डावीकडे ७२ वर असणार. ८८ आणि ७२ मिळून १६०. वर-खाली मिळून ६०. शंभराचा फरक, म्हणजे काट्याच्या एका फेऱ्याचा.

आता दुरुस्ती. पंप हलवत नाहीत, कारण त्याला पाण्याचे नळ जोडलेले असतात. मोटर हलवायची. मोटर पन्नास घरे खाली, म्हणून चारही पायांखाली ५० घरे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे पॅकिंग घातले. पॅकिंगचा पत्रा स्वच्छ आणि सपाट पाहिजे. गंजलेल्या डब्याचा पत्रा कापून घातला तर बोल्ट आवळल्यावर तो चेपतो आणि सगळा हिशेब जातो. बाजूचा फरक काढला. उणे ४२ आणि उणे ५८ यांत अंतर १६, निम्मे ८. उजवीकडचा आकडा कमी उणा, म्हणून मोटर उजवीकडे आठ घरे सरकवायची होती. तिच्या पायाला डायल लावून, बाजूच्या स्क्रूने, काटा बघत बघत ती आठ घरे सरकवली.

बोल्ट आवळण्याआधी मिस्त्रीने आणखी एक गोष्ट पाहिली. एकेका पायावर डायल लावून त्या पायाचा बोल्ट सैल करून बघितला. चारपाईचा एक पाय अधांतरी असला की ती डुलते. मोटरीचाही एखादा पाय असा अधांतरी असतो आणि बोल्टने तो जबरदस्तीने खाली ओढलेला असतो. बोल्ट सैल करताच काटा पाच घरांपेक्षा जास्त उडाला तर त्या पायाखाली पोकळी आहे. आमच्या मोटरीचा मागचा डावा पाय असा निघाला. त्याच्याखाली जादा पत्रा गेला. कपलिंगची दोन तोंडे समांतर आहेत की नाही, ते चारही बाजूंच्या फटीत फीलरची पाती घालून पाहिले. त्यात फारसे काही निघाले नाही.

शेवटची मोजणी भिंतीवर लिहिली. वर ०, उजवीकडे उणे १, खाली उणे ४, डावीकडे उणे ३. बारका काटा चारही जागी दोनाच्या आसपासच राहिला. बेरीज जुळते का, ते तुम्हीच पाहा. मोटर अजून दोन घरे खाली होती. अशा पंपाला पाच घरांपर्यंत फरक चालतो म्हणून मिस्त्रीने तिथे हात थांबवला. दोन घरे काढायच्या नादात चार घरे बिघडतात, असे तो म्हणाला.

डायल काढताना तो ओढून काढायचा नाही. आधी दांडी मोकळी करायची, मग चुंबकाचा खटका फिरवायचा. दांडीला तेल घालायची काहींना फार हौस असते. घालू नये. तेलाला धूळ चिकटते आणि दांडी अडकू लागते. कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावी. जवळ हातोडा चालवायचा असेल तर आधी डायल उचलून बाजूला ठेवावा. पडलेला डायल वरून धड दिसतो, पण आतल्या बारीक दातांवर मार बसलेला असतो. म्हणून पडला तर लपवू नये, सांगावे. तीन वेळा दांडी उचलायची परीक्षा घ्यावी आणि माहीत असलेल्या जाडीवर ताडून पाहावा. काम संपले की डायल त्याच्या पेटीत ठेवावा. खिळे-पान्यांच्या डब्यात टाकू नये.

पंप संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू केला. तासाभराने बेअरिंगवर हात ठेवला, कोमट होते. रात्री दहाला परत ठेवला, तेवढेच कोमट. पंचमंडळाने भिंतीवरच्या आकड्यांभोवती तेलरंगाची चौकट काढली आणि खाली तारीख घातली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मोजणी होते आणि नवे चार आकडे जुन्यांच्या खाली लिहिले जातात. सोबत आता पाचवाही असतो, तो बारक्या काट्याचा.